शाल, श्रीफळ आणि 44 अंश

फुकट राबणाऱ्या माणसाचा सत्कार करणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या गावी यावं. स्टेजवर बोलवायचं, खांद्यावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा आणि फोटोवाल्याकडे पाहायचं, यात अवघड काय? अवघड हे, की ज्यांचा सत्कार करायचा ते सापडत नाहीत, सापडले तर कबूल होत नाहीत, आणि कबूल झालेच तर नेमकं त्याच दिवशी त्यांना काम असतं. बागेत.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातलं. उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वाधिक तापमानाच्या बातमीत ब्रह्मपुरीचं नाव वरचेवर असतं. तेवढ्या एका विषयात आम्ही कायम मेरिटात. गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली मालगुजारांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जुनी बाग. 1951 साली मालगुजारी गेली. मालगुजारांची मुलं नागपूरला गेली. वाड्याचं सागवान कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बाग तेवढी राहिली, कारण ती उचलून नेता येत नव्हती. सातबाऱ्यावर तिची नोंद 'पोटखराब', म्हणजे लागवडीला नालायक, अशी आहे.

या पोटखराबात काय आहे? गावरान आंब्याची झाडं आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे: शेंदऱ्या, खोबऱ्या, शोप्या. दोन बकुळी आहेत, एक कवठ आहे, आणि तलावाचं पाणी झाडाझाडापर्यंत नेणारा दगडी पाट आहे. त्या पाटाला वीतभर उतारही दिसत नाही, तरी पाणी बरोबर शेवटच्या आंब्यापर्यंत जातं. कोण्या गवंड्यानं हे जमवलं देवच जाणे. आमच्या गावच्या नवीन नालीतलं पाणी सुरुवातीपासून उलटं वाहतं.

हा पाट वाहता ठेवते ती एक आजी. बाग वाड्याची होती तेव्हा तिचे सासरे इथे माळी होते. सासरे गेले, वाडा गेला, पगार कधीचाच गेला, पण आजीला कोणी 'आता येऊ नको' असं सांगितलं नाही, म्हणून ती येते. सकाळी उकिडवी बसते आणि भाकरी परतायच्या सराट्यानं दगडांच्या फटीतला गाळ खरवडते. आधी सराट्याच्या कोपऱ्यानं टोकरायचं, मग आडवा धरून ओढायचं, मग गाळ डाव्या हातानं उचलून जवळच्या झाडाच्या आळ्यात. एक कणही वाया जात नाही. मी एकदा खुरपं आणून दिलं. तिनं ते पाहिलं, 'चांगलं आहे' म्हणाली आणि घरी कांदे लावायला नेलं.

बाकीचे असेच जमलेले. टेलरमास्तर जुन्या कात्रीनं वेल छाटतात. एक शेळ्यावाला आहे. त्याच्या शेळ्यांनी पूर्वी बागेतली निम्मी रोपं फस्त केली होती. आता तो पडक्या भिंतीच्या खिंडारात बसतो आणि दुसऱ्यांच्या शेळ्या आत जाऊ देत नाही. आपल्या चुकत नाहीत असं तो म्हणतो. शिवाय एमपीएससीचा अभ्यास करणारे पोट्टे. गावात त्यांना शांत जागा नाही म्हणून ते बकुळीखाली बसतात, आणि आजीचा नियम असा की पुस्तक उघडायच्या आधी एक घमेलं गाजरगवत उपटायचं, तेही फुलावर यायच्या आत. गेल्या पावसाळ्यात एकाला अंगभर खाज सुटली, पण पूर्व परीक्षा निघाली. तेव्हापासून गाजरगवताला मागणी वाढली आहे.

सत्काराची कल्पना याच पोट्ट्यांपैकी एकाची. त्यानं मोबाइलवर वाचलं की इंग्लंडमध्ये 'गार्डन्स ट्रस्ट' नावाची संस्था आहे. 1965 साली बागांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी एक मंडळी जमली आणि 2015 मध्ये तिचं नि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बागप्रेमींच्या संघटनेचं एकत्रीकरण होऊन ही संस्था झाली. तिकडे ऐतिहासिक बागांची सरकारी नोंदवही आहे, तीत सोळाशेहून जास्त बागा आहेत. स्वयंसेवक जुने नकाशे धुंडाळतात, बागेचा इतिहास लिहितात, शेजारी कोणी इमारत ठोकू लागला तर हरकती घेतात. आणि उत्कृष्ट स्वयंसेवकाला संस्था पुरस्कार देते. 'गुरुजी, आपल्या आजीचा करू ना सत्कार,' तो म्हणाला. मी निवृत्त शिक्षक, अक्षर बरं. बऱ्या अक्षराचे तोटे नोकरीत भोगले होतेच. सत्कार समितीचं सचिवपद त्याच वाटेनं आलं.

तारीख ठरली 18 एप्रिल, जागतिक वारसा दिन. ही तारीख 1983 मध्ये युनेस्कोनं मान्य केली. मान्य करणाऱ्यांत आमच्या झाडीपट्टीतला एकही सभासद नसावा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सकाळी नऊनंतर वारसा सांगायला माणूस रस्त्यावर उरत नाही. खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा बांधून जो बाहेर पडतो, त्याचं एकतर कोर्टात काम असतं किंवा लग्नात.

मग नावं गोळा करायला निघालो. आजी म्हणाली, 'मायं नाव लिहू नका जी. कागदावर नाव गेलं का पगार बंद होते.' पगार म्हणजे निराधारचे पैसे. मी समजावलं की हा कागद वेगळा, सन्मानपत्र आहे. 'अंगठा लागते का?' नाही. 'मंग काहाले पायजे?' याला उत्तर नव्हतं. टेलरमास्तर तयार होते, पण नावाखाली दुकानाचं नाव, मोबाइल नंबर आणि 'येथे ब्लाउज अर्जंट शिवून मिळतील' हे छापायची अट. शेळ्यावाला म्हणाला, 'माया शेळ्यानंच बाग खाल्ली, आन् मायाच सत्कार? गावात तोंड दाखवू नाई शकणार मी.' पोट्ट्यांना सत्कार नको होता, प्रमाणपत्र हवं होतं. त्यावर गोल शिक्का आणि जावक क्रमांक असला पाहिजे.

शिवाय त्यांनी प्रमाणपत्रावर एक वाक्य घालायचा आग्रह धरला: 'ऐतिहासिक बाग ही जिवंत वास्तू आहे.' हे ऐतिहासिक बागांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय फ्लॉरेन्स सनदेतलं म्हणे. मग सनद 1981 ची की 1982 ची यावरून दोन पोट्टे हातघाईवर आले. एकाचं म्हणणं, 21 मे 1981 ला ठरली. दुसऱ्याचं, नोंद 15 डिसेंबर 1982 ची. दोघंही बरोबर होते, त्यामुळे भांडण मिटेना. चंद्रपूरच्या परकोटाचा विषय काढून मी त्यांना वेगळं केलं. तिथे इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी 2017 मध्ये गोंडकालीन तटावरची झाडंझुडपं काढायला घेतली, इतकी चिवटपणे की पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. पण मला विचाराल तर बागवाल्यांचं काम त्याहून कटकटीचं. तटावरचं झाड काढलं की तट उघडा होतो. बागेत मात्र झाडच काढायचं आणि झाडच ठेवायचं, आणि कोणतं कोणतं हे ज्याला कळतं त्याला कागदावर नाव नको असतं. तट पन्नास वर्षं विसरलात तरी तट राहतो. बाग एक पावसाळा विसरा, तरोटा आणि बेशरम कंबरेला लागतात.

आता शाली. दुकानात गेलो तर सगळ्या गरम. 'सुती नाही का?' मी विचारलं. दुकानदारानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. 'गुरुजी, सत्काराची शाल कोणी पांघरते का? घरी नेते, पुढच्या सत्काराले देते. याच शाली दोन साल झाले फिरून रायल्या. ही पाहा, घडीसुद्धा मोडली नाही.' मी समितीत सुचवलं की शालीऐवजी चांगले सुती दुपट्टे द्यावेत, या उन्हात माणसाच्या डोक्याला कामी येतील. त्यावर एक सदस्य म्हणाले की त्यानं सन्मान कमी होतो. सन्मान आणि उपयोग यांचं आपल्याकडे का जमत नाही कोणास ठाऊक.

मंडपवाला झाडीपट्टीच्या नाटकांचा. सीझन संपला होता म्हणून स्वस्तात आला. आला तो सब्बल घेऊन थेट शोप्याच्या आळ्यात. 'इथं एक खांब, तिथं एक खांब, पाटात दोन.' आजी काही बोलली नाही. जाऊन आळ्यात बसली. मंडपवाला थोडा वेळ थांबला, बिडी ओढली, पुन्हा आला. आजी तिथेच. शेवटी मंडप पडला बागेबाहेर, फाटकासमोरच्या उघड्या माळावर. आत आंब्याची गर्द सावली, बाहेर पत्र्यासारखी तापलेली जमीन, आणि बागेचा सोहळा बाहेर! त्या रात्री पोट्टे खिंडारात झोपले, कारण लाइटवाला केबल बकुळीवरून नेणार अशी कुणकुण होती. वर्षभर त्यांनी बाग शेळ्यांपासून राखली, त्या रात्री समितीपासून.

18 तारखेला पारा 44 ला टेकला. प्रमुख पाहुणे (नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावं लागेल) अकराला आले. भाषणात म्हणाले की ही बाग बघून त्यांना ताजमहाल आठवला. मग सुचवलं की आतली ही जंगलझाडी काढून हिरवंगार लॉन लावावं, वाटांवर गट्टू बसवावेत, 'आय लव्ह' लिहून पुढे गावाचं नाव टाकावं. मागून एक पोट्टा मोठ्यानं म्हणाला, 'सर, ताजमहालाच्या बागेतपण आधी दाट झाडंच होती. लॉन आणलं इंग्रजांनी. लॉर्ड कर्झन.' पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थ्यांच्या सामान्यज्ञानाबद्दल त्यांना कौतुक वाटलं असावं.

मग वृक्षारोपण. खड्डा तयार, रोप तयार, फोटोवाला तयार. पाहुण्यांनी रोप हातात घेतलं आणि फाटकातून आजीचा आवाज आला, 'एप्रिलात झाड लावते का जी कोणी? मरते ना ते! मिरगात या, मंग लावा!' सूत्रसंचालक म्हणाले, 'ज्येष्ठांचे आशीर्वाद आपल्याला लाभत आहेत.' पाहुण्यांनी रोप हळूच खाली ठेवलं. अख्ख्या कार्यक्रमात बागेच्या हिताची झालेली ती एकमेव कृती.

सत्काराचं सांगायचं तर नावं पुकारली गेली. आजी: पाट सुरू होता, दोन झाडं राहिली होती, ती आली नाही. टेलरमास्तर: वाऱ्यानं फाटलेला मंडपाचा पडदा शिवत होते, हात मोकळा नव्हता. शेळ्यावाला: लोक फाटक उघडं टाकून आले होते, तो तिथे काठी घेऊन उभा. पोट्टे: मोटारसायकलींच्या पार्किंगला. ओळीनं खुर्च्या रिकाम्या आणि टेबलावर शालींची चळत. फोटोवाल्यानं विचारलं, 'कोणाला तरी घाला ना?' मग अध्यक्षांनी पाहुण्यांना घातली, पाहुण्यांनी अध्यक्षांना, दोघांनी मिळून सरपंचताईंना, ताईंनी मला. गरम शाल, ऊन आणि 'बाग हीच आपली अस्मिता' या विषयावरचं तिसरं भाषण. पाहुण्यांना घेरी आली.

धावपळ झाली. खांद्यावरची शाल आधी काढली गेली. पोट्ट्यांनी त्यांना उचलून आत, शोप्याखाली, आजीच्या खाटेवर नेलं. आजीनं पाटाच्या पाण्यानं दुपट्टा भिजवून कपाळावर टाकला, कैरीचं पन्हं पाजलं आणि खिसा चाचपून म्हणाली, 'कांदा नाई ठेवला का जी?' अर्ध्या तासानं पाहुणे उठून बसले. वर पाहिलं. पाटातलं पाणी पाहिलं. थंड झुळूक लागली. म्हणाले, 'अरे, इतकी छान जागा! कार्यक्रम इथेच का नाही केला?'

कोणीच उत्तर दिलं नाही. मंडपवाला दुसरीकडे पाहू लागला.

त्यानंतर ते बराच वेळ उठेनात. आलूबोंडे तिथेच आणले. नागपूरच्या महाराजबागेत लहानपणी आजोबांबरोबर गेल्याच्या आठवणी त्यांनी सांगितल्या. भोसल्यांची ती बाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे, तशी ही कोणाकडे आहे, असं विचारलं. मी सातबारा दाखवला. 'पोटखराब' वाचून त्यांनी पुन्हा एकदा वर शोप्याकडे पाहिलं आणि कागद माझ्याकडे परत दिला. आजीला म्हणाले, 'मावशी, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा.' आजीनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, 'पाईप. तलाव आटला का उन्हाळ्यात पाट चालत नाई. बोअरपासून शेवटच्या झाडापर्यंत पुरंल एवढा. आन् शाली घेऊन जा.'

शाली काही परत गेल्या नाहीत. दुकानदार घेईना, घडी मोडली म्हणाला. आजीनं त्यातल्या दोन भिजवून माठांना गुंडाळल्या, एक शेळ्यावाल्याच्या नवीन पिलाला गेली. नारळ पोट्ट्यांनी फोडून खाल्ले. प्रमाणपत्रांवर गोल शिक्का मारून मिळाला. जावक क्रमांक मी माझ्या सुंदर अक्षरात घातला, तो कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. आजीच्या प्रमाणपत्रावर तिच्याच सांगण्यावरून नाव न घालता 'बागेची आजी' एवढंच लिहिलं. ते तिनं अजून नेलं नाही. पगार चालू राहतो का ते आधी पाहणार आहे.

पाईपचं काम पुढे सरकलं आहे. पाहुण्यांनी खरंच फोन केला होता. पण ग्रामपंचायतीला तीन कोटेशनं लागतात. दोन आली आहेत. तिसरं आणायला त्याच शालीवाल्याच्या शेजारच्या दुकानात जावं लागणार आहे, आणि तो मला पाहिलं की नवीन माल दाखवायला बाहेर येतो.