स्टॅनफर्ड दांपत्य झिजलेल्या कपड्यांत हार्वर्डला गेलं नव्हतं

परवा भाचीचा फोन आला, "मावशी, माझं भाषण ऐक ना." वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्ट पाठ केली होती. विटक्या झग्यातली बाई आणि झिजलेल्या कोटातला तिचा नवरा हार्वर्डला जातात. त्यांचा मुलगा तिथे वर्षभर शिकून अपघातात गेलेला. अध्यक्ष तासन्‌तास ताटकळत ठेवून त्यांची बोळवण करतात, मग ते दोघं स्वतःचं स्टॅनफर्ड विद्यापीठ काढतात. आता पोरं हे स्टेजवर म्हणायला लागल्यावर गप्प कसं बसायचं?

मुलगा हार्वर्डला कधी शिकलाच नाही. १३ मार्च १८८४ ला इटलीत, फ्लॉरेन्सला, तो विषमज्वराने गेला. सोळावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. एवढ्याशा पोराचं मरणही लोकांनी बदलून टाकावं, याचा मला खरंच राग येतो.

आईबाप हार्वर्डला गेले होते, हे मात्र मान्य. पण अपमान? अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १९१९ साली त्या भेटीची हकीकत स्वतः पत्रात लिहिली. ते पत्र स्टॅनफर्डच्या पहिल्या अध्यक्षांना लिहिलेलं. एलियटनी स्टॅनफर्ड दांपत्याला विद्यापीठच काढा म्हणून सुचवलं, पन्नास लाख डॉलरचा निधी लागेल हेही सांगितलं. सल्ला विचारायला ते कॉर्नेल, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्सलाही गेले होते.

आणि हा गरीब बापडा नवरा कोण? लेलंड स्टॅनफर्ड, १८६२-६३ चे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष. १८६९ मध्ये अमेरिकेच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेचे रूळ जोडताना सोन्याचा खिळा ठोकला तो यांनीच. गव्हर्नरपदाच्या पहिल्याच भाषणात आशियातून येणाऱ्यांना त्यांनी हलक्या वंशाचे ठरवलं, त्यांची वस्ती वाढू देऊ नये म्हणाले. पुढे त्यांच्याच रेल्वेसाठी सिएराच्या डोंगरात बोगदे खोदले ते हजारो चिनी मजुरांनी, गोऱ्यांपेक्षा कमी मोलात. १८६७ च्या जूनमध्ये या मजुरांनी बरोबरीच्या पगारासाठी संप केला, तेव्हा कंपनीने त्यांची रसदच तोडली. आठवड्याभरात उपाशीपोटी संप मोडला. व्हॉट्सॲपच्या त्या गोष्टीत या मजुरांचं नावही नाही, आणि मालकाच्या अंगावर मात्र झिजलेला कोट!

भाचीला फोनवरच हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या संपाचं परत एकदा सांग, लिहून घेते."