तीनपैकी जे कमी असेल ते

निबंध स्पर्धेत उतरलो तो निव्वळ लाजेखातर. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं आणि त्याच आठवड्यात आमचे लॉ कॉलेजचे सर वर्गात म्हणाले, "हायकोर्ट गावात आलं, आता तरी निबंध तालुका पातळीचे लिहू नका." बोलले सगळ्यांना, बघत होते माझ्याकडे. तास संपल्यावर त्यांनी एक पत्रक हातात ठेवलं. विषय 'कर्मचारी लाभ आणि प्राप्तिकर', भाषा इंग्रजी, पाच हजार शब्द, तळटिपा धरून. फी 300 रुपये, परत मिळणार नाही. पहिल्या वाचनात पुरती कळलेली ओळ ती एवढीच.

मला आजवर कुणी पगार दिलेला नाही. मी कर्मचारी नाही, म्हणून लाभ नाही, आणि प्राप्तीच नसल्यामुळे करही नाही. त्या शीर्षकातला 'आणि' तेवढा माझ्या वाट्याचा. अमेरिकेत म्हणे टॅननवाल्ड नावाच्या करन्यायाधीशाच्या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांची अशीच स्पर्धा होते आणि तिथे रोख बक्षीस असतं. आमच्या पत्रकात 'सर्व सहभागींना ई-सर्टिफिकेट' हे ठळक अक्षरात होतं. ठळक काय छापलंय ते बघूनच सावध व्हायला हवं होतं.

मी ग्रॅच्युइटी निवडली, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 10(10) सांगायचं की सूत्राने येणारी रक्कम, 20 लाखांची मर्यादा आणि प्रत्यक्ष हातात पडलेले पैसे, या तिन्हींपैकी जे कमी असेल तेवढं करमुक्त. आता हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे अवघड काम. 'जे कमी असेल ते' ही कल्पनाच आमच्याकडे नाही. तांबडा की पांढरा, असं विचारलं तर दोन्ही, आणि वाटी रिकामी दिसली की वाढप्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पुढे लाभांच्या यादीत मी मिसळीवर अडकलो. तेव्हाच्या प्राप्तिकर नियमांतल्या नियम 3 प्रमाणे मालकाने कामाच्या वेळेत दिलेला चहा-नाश्ता करमुक्त होता. जेवण मात्र एका वेळेला 50 रुपयांपर्यंतच होतं. मग मिसळ नाश्त्यात धरायची की जेवणात? फरसाण आणि ब्रेडच्या स्लाइस बघितल्या तर नाश्ता. पण कट दुसऱ्यांदा मागवला की नाश्ता संपून जेवण सुरू होतं का? आणि तिसऱ्यांदा? यावर मी दोन दिवस आणि सहाशे शब्द घालवले. प्रत्यक्ष पाहणीसाठी दोनदा मंगळवार पेठेतही जाऊन आलो. सरांनी ते सहाशे शब्द एका रेघेत मारले आणि समासात लिहिलं, 'भूक लागली असता लिहू नये.'

खरा घोळ घातला तात्यांनी. तात्या माझे चुलते. साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर हंगामी कामगार, चोवीस हंगाम झाले. एका रात्री माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "काय लिवालायस एवढं?"

"ग्रॅच्युइटी, तात्या."

"मग मला इचारायचं न्हाईस व्हय?"

आणि खिशातून डायरी काढली. कारखान्याची जुनी डायरी, रबर लावलेली, कडेला काकवीचा डाग. प्रत्येक हंगामाला एक ओळ. महिन्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200. "भागिलं सव्वीस."

"सव्वीसच का?" मी विचारलं. या एका प्रश्नावर माझ्या तीन तळटिपा होत्या.

"म्हैन्याचं चार रविवार सोडायचं की रं! राहिलं सव्वीस. दिसाला सातशे. पर्मनंट माणसाला वर्साला पंधरा दिसाचं, आमास्नी हंगामाला सात. साता सत्ते एकोणपन्नास, म्हंजे चार हजार नऊशे. गुणिलं चोवीस. एक लाख सतरा हजार सहाशे."

मी मोबाइलवर ताडून बघेपर्यंत त्यांनी डायरीला रबर लावलं होतं. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या ज्या परंतुकावर, म्हणजे हंगामी कामगारांच्या अपवादावर, मी दोन पानं लिहिली होती, ते तात्यांनी उभ्या उभ्या संपवलं. पर्मनंट माणसाचे याच हिशेबाने 2,52,000 झाले असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं, असं आता वाटतं.

जाता जाता त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हे 'इबिड' काय?"

"वरच्यासारखंच."

त्यांनी डायरी परत उघडून दाखवली. पगाराच्या रकान्यात मधल्या कितीतरी ओळींत फक्त 'डिट्टो' होतं.

ती डायरी मी तळटीप 41 मध्ये टाकली. सर म्हणाले, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, चुलत्याची डायरी काढ. काढली. मग त्यांनी निबंध चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घातला, तर 38 टक्के चोरी. सगळ्यात मोठा चोरीचा माल निघाला तो कायद्याचं कलम. सर म्हणाले, "स्वतःच्या शब्दांत लिही."

"सर, कायदा स्वतःच्या शब्दांत लिहिला तर तो कायदा कसा राहील?"

यावर त्यांनी चहा मागवला. कामाच्या वेळेत, म्हणजे करमुक्त.

एवढ्यात कायदाच पायाखालून सरकायला लागला होता. 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन त्याच्या जागी 2025 चा येणार हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं, अंमल 1 एप्रिल 2026 पासून. म्हणजे कलमं दोन्हींची द्यायची, शब्द मात्र पाच हजारच. तेही जमवलं. मुदत 30 नोव्हेंबरची. आणि 21 नोव्हेंबरला, शुक्रवारी, सरकारने जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता लागू केल्या. ज्या कायद्यावर माझा अख्खा निबंध उभा होता, तो सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेला. नऊ दिवस, एकशे बारा तळटिपा. ठराविक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षावरही ग्रॅच्युइटी. भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. सगळं नव्याने.

तात्या पाळी संपवून पहाटे आले, अंगाला मळीचा वास. मी जागाच.

"नवा कायदा आला म्हनं. आमच्या सात दिसाचं काय?"

"सातच आहेत, तात्या."

"मग बदाललं काय?"

"कलमाचा नंबर. आधी चार होता, आता त्रेपन्न."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग "झोप जरा" म्हणून आत गेले.

निकाल जानेवारीत आला. बक्षीस नाही. ई-सर्टिफिकेट आलं, त्यात माझ्या आडनावातला 'पा' गळून मी 'टील' झालेलो. आईला तरीही त्याची फ्रेम करायची होती. छापायला पाच रुपये लागले आणि फ्रेमवाल्याने साडेतीनशे सांगितले, म्हणजे फीपेक्षा पन्नास जास्त. तेव्हा ते फ्रीजवर चुंबकाखाली गेलं. संध्याकाळी पाणी घ्यायला गेलो तर तात्या चष्मा लावून फ्रीजसमोर उभे. डायरीतलं पेन काढून त्यांनी 'टील'च्या आधी 'पा' लिहिला, जरा लांब होऊन बघितलं, आणि विचारलं, "ह्येच्यावर टॅक्स न्हाई न्हवं?"