झुकोव्हवरच थांबू नका

तुमच्या लेखात पोपोव्ह आणि सुरोविकिन या रशियन सेनापतींची पदावरून गच्छंती ही पुतिनच्या काळाची खासियत म्हणून मांडली आहे. पटलं नाही. ही रीत जुनी आहे, आणि पूर्वी ती बरीच जीवघेणी होती.

दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत सेनापती झुकोव्ह, त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. जून १९४५ मध्ये पांढऱ्या घोड्यावरून विजय संचलनाची सलामी घेतली, वर्षभरात स्टालिनने ओडेसाला दुय्यम पदावर बदली केली. पुढे ख्रुश्चेव्हने संरक्षणमंत्री केलं आणि १९५७ साली हे साहेब युगोस्लाव्हिया-अल्बानियाच्या दौऱ्यावर असताना मागच्या मागे खुर्ची काढून घेतली. तरी जीव वाचला, तो नशीबवानच म्हणायचा.

गोर्दोव्हचं नाव मात्र कुणी घेत नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात स्टालिनग्राड आघाडीचा सेनापती, नंतर बर्लिनच्या लढाईत एका सैन्याचा प्रमुख, छातीवर 'सोव्हिएत संघाचा वीर' हे पदक. १९४६ च्या अखेरीस घरात बायकोशी आणि एका सहकाऱ्याशी बोलताना स्टालिनवर तोंडसुख घेतलं. घरात ध्वनिग्रहणाची यंत्रं बसवलेली होती! जानेवारी १९४७ मध्ये अटक, ऑगस्ट १९५० मध्ये गोळी घालून मृत्युदंड.

त्यामानाने पोपोव्ह स्वस्तात सुटला. २०२३ मध्ये वरिष्ठांविरुद्ध तोंड उघडलं, पद गेलं आणि २०२५ मध्ये फसवणुकीच्या आरोपाखाली पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोपात तथ्य असेलही, पण मुहूर्त बरोबर साधला.

त्याच काळातला सोव्हिएत सेनापती रोकोसोव्हस्की, त्याच्यावर वेगळा लेख येऊ द्या. तो आधी तुरुंगात गेला, मार्शल नंतर झाला.