ऑन्टारियोत सुखानं नांदायचं असेल तर

कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ झाली, हातात झेंडा धरून फोटोही निघाला. अभिनंदन! आता एक ध्यानात ठेवा. ओटावातले पंतप्रधान टीव्हीवर बघायला बरे असतात, पण तुमची वीज आणि तुमचा दवाखाना दोन्ही टोरंटोच्या क्वीन्स पार्कमधल्या प्रांतिक सरकारच्या मुठीत आहेत. त्यांच्याशी संसार कसा करायचा, ते जुन्याजाणत्यांकडून ऐकून घ्या.

विजेचं बिल वरून खाली वाचायचं नाही. वापर, डिलिव्हरी, रेग्युलेटरी, एचएसटी ही उतरंड वाचून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. थेट तळाशी जा. तिथे ‘ऑन्टारियो इलेक्ट्रिसिटी रिबेट’ नावाची वजाबाकी सापडेल. १ नोव्हेंबर २०२५ ला रात्रीचा दर युनिटला ७.६ सेंटवरून ९.८ सेंटवर गेला आणि त्याच दिवशी रिबेट १३.१ टक्क्यांवरून २३.५ टक्के झाली. महागाई तुमच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून केवढी ही काळजी! रिबेट तिजोरीतून येते. तिजोरीत पैसे कुठून येतात, असं चारचौघांत विचारू नये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं तर हलवाई झोपलेलाच बरा, आणि इथले हलवाई आपणच. प्रांताच्या वित्तीय उत्तरदायित्व कार्यालयानं २०२२ मध्ये हिशेब मांडला होता, की वीज स्वस्त दाखवणाऱ्या नऊ योजनांवर वीस वर्षांत ११८ अब्ज डॉलर खर्च होतील. आकडा वाचा आणि सोडून द्या. ११८ अब्ज कुणाच्या बिलावर छापून येत नाहीत.

बाकी काटकसर आपल्या हातात आहेच. हिवाळी वेळापत्रकात कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ११ सर्वांत चढा दर असतो, म्हणजे नेमका नैवेद्याच्या स्वयंपाकाचा वेळ. होळी मधल्या वारी आली तर पुरण आदल्या रविवारी शिजवून फ्रीजमध्ये ठेवा. शनिवार-रविवार दिवसभर दर उतरलेला असतो. देव समजून घेतो. विजेचे दर ठरवणारं ऑन्टारियो एनर्जी बोर्ड घेत नाही.

पक्षाभिमान मात्र बाळगू नका, तब्येतीला वाईट. लाल लिबरल सरकारनं ओकव्हिल आणि मिसिसागातले गॅसवर चालणारे वीज प्रकल्प २०१० आणि २०११ मध्ये रद्द केले, त्यातला मिसिसागाचा तर ऐन निवडणूक प्रचारात. २०१३ मध्ये महालेखापालांनी त्याची किंमत सांगितली: एकाची ६७.५ कोटी डॉलर, दुसऱ्याची २७.५ कोटी. प्रकल्प नपानी आणि सार्नियाकडे गेले, मतं जागेवर राहिली. मग २०१८ मध्ये डग फोर्ड यांचं निळं कन्झर्व्हेटिव्ह सरकार आलं. या उधळपट्टीवर भरपूर संतापून झाल्यावर त्यांनी सौर-पवन वगैरेंचे ७५८ करार मोडले आणि त्यापायी २३.१ कोटी बाजूला काढले. ही परंपरा आहे, तिला नावं ठेवू नयेत.

आजारी पडणं हा त्याहून नाजूक विषय. फॅमिली डॉक्टर शोधायला वेळ दवडू नका. २०२४ मध्ये पंचवीसेक लाख ऑन्टारियोकरांकडे तो नव्हता आणि त्यांचं चाललंच की. अगदीच हौस असेल तर वॉकर्टनच्या लोकांकडून शिका. जानेवारी २०२५ मध्ये तिथे एक नवे डॉक्टर ५०० पेशंट घेणार होते. लीजन हॉलबाहेर (माजी सैनिकांच्या क्लबाबाहेर) बर्फात हजारावर माणसं येऊन उभी राहिली. तेव्हा फोल्डिंग खुर्ची, थर्मास, कानटोपी तयार ठेवा, आणि गुडघे धड असतानाच जा. (हे तेच वॉकर्टन, जिथे २००० साली नळाच्या पाण्यातून ई-कोलाय पसरून सात जण दगावले. सरकारी काटकसरीची चव त्या गावाला जुनीच आहे.)

खेड्याकडे कॉटेजला जाणार असाल तर छातीत कळ येण्याआधी इस्पितळाला फोन करून इमर्जन्सी उघडी आहे का ते विचारा. जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षात २३ इस्पितळांच्या इमर्जन्सी मिळून २०३ वेळा बंद राहिल्या, मुख्यतः नर्स नाहीत म्हणून. नर्स कुठे गेल्या? २०१९ च्या कायद्यानं त्यांची पगारवाढ तीन वर्षं वर्षाला एका टक्क्यावर बांधली होती. कोर्टानं तो कायदा २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, पण तोवर बऱ्याच जणी निघून गेल्या होत्या. मग कितीतरी जादा पैसे मोजून एजन्सीच्या नर्स आणल्या. ब्रॅम्प्टनकर तर भाग्यवानच: साडेसहा लाखांहून जास्त वस्तीला एक पूर्ण इस्पितळ, त्यामुळे कुठे जायचं हा घोळच नाही. दात, डोळे, एमआरआय पुण्याला गेल्यावर उरकून टाका, आपण सगळे तेच करतो. आणि जीव फारच घाबरला तर कोपऱ्यावरच्या दुकानात सप्टेंबर २०२४ पासून बिअर मिळते. तिला रेफरल लागत नाही.

आता चेक. २०२५ च्या सुरुवातीला माणशी २०० डॉलर घरपोच आले, मुलांचेसुद्धा, सगळे मिळून सुमारे तीन अब्ज. तिकडे विधानसभेआधी लाडकी बहीण, इकडे लाडका करदाता. आवळा आपल्याच झाडाचा होता, कोहळाही आपल्याच वेलाचा. जून २०२६ ची निवडणूक २७ फेब्रुवारी २०२५ वर आली हा निव्वळ योगायोग. कारण विचाराल तर ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या धमक्या. फोर्ड यांना सुमारे ४३ टक्के मतं आणि १२४ पैकी ८० जागा मिळाल्या. निम्म्याहून जास्त मतदार घरीच बसले होते, त्यांच्यात तुम्हीही मिसळून जा. कुणी विचारलंच तर सांगा, ‘सगळे सारखेच.’ मराठीत म्हणा, पंजाबीत म्हणा, क्वीन्स पार्कला ते सगळ्या भाषांत आवडतं.