पूर्णविराम गाळा, मोठे व्हा

ओळखीच्या एका मुलाने गेल्या आठवड्यात कादंबरीचं बाड हातात ठेवलं. "काका, जरा प्रयोग केलाय, सांगा कसा वाटतो." सीएसएमटीला कर्जत फास्टमध्ये चक्क खिडकी मिळाली, म्हणून तिथेच उघडलं. भायखळ्याला सुरू झालेलं वाक्य मुलुंड गेलं तरी संपलं नव्हतं.

तेव्हा ज्यांना प्रयोगशील व्हायचंय, त्यांनी लिहून घ्या.

प्रकरणं पत्त्यांसारखी पिसा.

पात्रांना नावं देऊ नका. 'तो', 'ती', फार तर 'तो दुसरा'.

'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' मिठासारखं भुरभुरवा. १९६३ साली 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर तसं बोलला तेव्हा गुळगुळीत मराठीला ओरखडे पडले होते. तुमचं नुसतंच उदाहरणार्थ वगैरे होईल, पण होऊ द्या.

नाक्यावरची भाषा पार्ल्याच्या सोसायटीत बसून लिहा. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'साठी कान लागले, तुम्हाला वेब सिरीज आहेत.

आणि मुख्य म्हणजे पूर्णविराम गाळा. कोणी हटकलं तर 'संज्ञाप्रवाह' म्हणा, म्हणजे मनात विचार येतील तसे सलग उतरवणं. मर्ढेकरांची कादंबरी 'रात्रीचा दिवस' पुढे करा. १९४२ सालची आहे, समोरच्याने वाचलेली नसतेच. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चं शेवटचं प्रकरण तर हुकमी एक्का. आता तिथे नायकाची बायको मॉली अपरात्री अंथरुणात जागी आहे, नवरा तिच्या पायांकडे डोकं करून झोपलाय, एका आठवणीला धरून दुसरी येतेय, तिला कोण थांबवणार? पण तुमचा नायक बँकेत पासबुक भरून घेतोय! सलग नऊ पानं! समोर बाई टोकन नंबर पुकारतेय, माणसं हटकतायत, शिक्के आपटतायत आणि याचा प्रवाह आपला अखंड. सदतिसाव्या पानावर 'डॉ पाटील' दिसले, पुढे जागोजागी दोन शब्दांत उगाच जास्तीची फट. मग व्याजदर आला: '६ ५ टक्के'. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

फोन केला. म्हणाला, "हो काका, फाइंड-रिप्लेस. दोन मिनिटांत झालं."

दोन मिनिटांत! अरे, त्या नऊ पानांत त्याला काउंटरवर उभ्या उभ्या आजी गेल्याचा फोन येतो, हे मला दुसऱ्यांदा वाचताना कळलं. फोन ठेवतो आणि पासबुक पुढे सरकवतो. इतकं चांगलं लिहिलं होतंस, आणि स्वतःच पुसून टाकलंस? तिथे त्याला थांबू दे ना. आळशीपणा आहे हा, प्रयोग नाही. पूर्णविराम परत घाल, एकेक, हाताने, आणि मग आण.

आणि आधी तो व्याजदर नीट कर.