डीसीएसमधलं मिग-21 उतरवताच येत नाही म्हणे!

डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर सिम्युलेटरमधल्या मिग-21बिस या लढाऊ विमानाबद्दल एक दावा सारखा फिरत असतो: वेग कमी झाला की ते इशारा न देता दगडासारखं पडतं, जमिनीवर वळत नाही, इंधनाचा काटा खोटं बोलतो, तेव्हा महागडे रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायातले पेडल) नसतील तर नादाला लागू नका.

आधी दगडाचं बघू. अवघड आहे, कबूल. पण ओझरच्या कारखान्यात बांधलेली याच घराण्याची विमानं भारतीय हवाई दलानं 2025 पर्यंत उडवली आणि उतरवली. इशाराही मिळतो: अँगल ऑफ अटॅकचा, म्हणजे पंख समोरच्या हवेला किती तिरका आहे ते दाखवणारा काटा समोरच आहे. तो 28 च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. 33 च्या आसपास पंख साथ सोडतात.

नवखे आपटतात ते बहुतेकदा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) एकदम बंद केल्यामुळे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) 45 अंशांवर असताना एसपीएस यंत्रणा इंजिनातली हवा फ्लॅपवरून जोरात सोडते, त्यातून जादा लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर मिळतो. आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) पडला की तो झोतच मंदावतो, आणि या विमानाचं आर-25 इंजिन पुन्हा जोर धरेपर्यंत जमीन आलेली असते. घाबरून स्टिक (विमानाचा मुख्य दांडा) ओढली तर डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंखाचा ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढून विमान आणखीच खाली बसतं.

म्हणून एसपीएसचा स्विच चालू आहे ना, ते आधीच बघा. शेवटच्या टप्प्यात ताशी साधारण 340 किमी, धावपट्टीच्या तोंडाशी 310 ते 320. वेग स्टिकनं सांभाळा, खाली येण्याचा दर थ्रॉटलनं. मुख्य चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल आयडलला (सगळ्यात कमी जोरावर) नेऊ नका. वेग कमी करणारं ब्रेक पॅराशूट त्यानंतर, वेग 320 च्या खाली आल्यावरच.

वळत नाही? पुढच्या चाकाला स्टिअरिंगच नाही. थोडी गती घ्या, रडर पूर्ण एका बाजूला द्या आणि स्टिकवरचा ब्रेक थोडा थोडा दाबा. त्या बाजूचं चाक धरतं. ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि हवा मोजकीच असते. टॅक्सी करताना तो दाबूनच ठेवलात तर उतरल्यावर थांबायची पंचाईत. हे सगळं ट्विस्ट असलेल्या, म्हणजे पिळून रडर देता येणाऱ्या साध्या जॉयस्टिकवर होतं, फक्त ब्रेकला हाताशी येणारं बटण द्या.

राहिला इंधनाचा काटा. तो टाक्यांमधलं इंधन मोजतच नाही, लावलेल्या आकड्यातून खर्च वजा करत जातो. उड्डाणाआधी शेजारच्या नॉबनं भरलेल्या लिटरचा आकडा लावायचा, जादा टाकी असेल तर तीही धरून.