कार्ड कचरा आहे हे तीन सेकंदांत कसं ओळखावं

तुम्हाला फँटसी कार्ड गेममधले जाणकार व्हायचंय का? मग सगळ्यात आधी खेळणं बंद करा. खेळलं की गोंधळ होतो. ज्या कार्डाला तुम्ही कचरा म्हणालात तेच टाकून समोरच्याने हरवलं तर मत बदलावं लागतं, आणि मत बदलणाऱ्या जाणकाराला विचारतो कोण? त्यापेक्षा मोबाईलवर कार्डाचा फोटो उघडा, वरच्या कोपऱ्यात माना, म्हणजे कार्ड खेळायला मोजावी लागणारी जादूची ताकद, किती लागतो ते बघा, खालच्या कोपऱ्यातले दोन आकडे, म्हणजे मार (पॉवर) आणि दम (टफनेस), बघा, मधला मजकूर सोडून द्या आणि लिहा, "कचरा". पुढे ते हसून हसून रडणारं तोंड टाकायला विसरू नका, त्याशिवाय अभ्यास केलाय असं वाटत नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. आम्ही काही मित्रांनी मिळून मॅजिक द गॅदरिंगच्या नियमांवर चालणारा एक घरगुती क्यूब बनवला, म्हणजे ड्राफ्टसाठी (पाकिटातून एक कार्ड पिक करायचं, उरलेलं पाकीट शेजाऱ्याला द्यायचं, शेवटी पिक केलेल्यांतून डेक बनवून खेळायचं) ठरवून जमवलेला कार्डांचा गठ्ठा. ३६० कार्डं, सगळी आम्हीच रचलेली, घाटवाटा, वेताळ, डोहातल्या मगरी, बुरुजावरचे पहारेकरी वगैरे. प्रिंट काढून, कापून, जुन्या कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या, कार्डांपुढे सरकवून स्लीव्हमध्ये घातली, कात्रीने बोटाला फोड आला. यादी ग्रुपवर टाकली, "जरा बघून सांगा रे" म्हणून. तर एका जाणकाराने चहा संपायच्या आत ३६० च्या ३६० कार्डांवर निकाल दिला. अर्ध्याअधिक कार्डांपुढे लाल फुली! खालचं सगळं मार्गदर्शन त्या फुल्यांवरूनच तयार केलंय, श्रेय त्याचं.

पहिला नियम. प्रत्येक कार्डाशेजारी दुसरं एक कार्ड ठेवायचं आणि "स्ट्रिक्टली वर्स", म्हणजे सगळ्याच बाबतीत वाईट, म्हणून मोकळं व्हायचं. आमचं एक कॉमन होतं, घाटातला वाटाड्या. तीन माना, २/२, मैदानात आला की डेकमधली वरची दोन कार्डं बघायची आणि हवं तर त्यातलं एक तळाला सरकवायचं. त्यापुढे शेरा आला, "तीन मानाला २/२? ग्रिझली बेअर्स दोन मानाला २/२ आहे, १९९३ पासून." आहे ना, अल्फा ह्या गेमच्या पहिल्याच सेटमध्ये आहे. पण ते अस्वल मैदानात येऊन करतं काय? उभं राहतं. आपला वाटाड्या हातात लँड, म्हणजे माना देणारं कार्ड, नसताना पुढची दोन पानं दाखवतो, पण त्यासाठी त्याच्यावरच्या दोन ओळी वाचाव्या लागतात, आणि आपण आधीच ठरवलंय की मधला मजकूर वाचायचा नाही.

दुसरा नियम, आकडे सारखे तर कार्डं सारखी. इथे हा गेम बनवणारा रिचर्ड गारफिल्ड तुमच्या मदतीला येईल असं वाटेल, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याच अल्फात त्याने पाच रंगांना पाच कार्डं दिली, प्रत्येक एका मानाची आणि प्रत्येकात तीनाचं काहीतरी. लाल रंगाचं लाइटनिंग बोल्ट तीन डॅमेज करतं, हिरव्याचं जायंट ग्रोथ क्रीचरला, म्हणजे लढणाऱ्या कार्डाला, +३/+३ देतं, काळ्याच्या डार्क रिच्युअलने तीन माना मिळतात, पांढऱ्याचं हीलिंग साल्व्ह तीन लाइफ देतं किंवा तीन डॅमेज अडवतं, आणि निळ्याच्या अँसेस्ट्रल रिकॉलने तीन कार्डं उचलायला मिळतात. कागदावर पाचही भावंडं. प्रत्यक्षात अँसेस्ट्रल रिकॉल पॉवर नाइन ह्या नऊ भारी जुन्या कार्डांत जाऊन बसलं, जुनी कार्डं चालणाऱ्या व्हिंटेज प्रकारात डेकमध्ये एकच ठेवायची परवानगी आहे, बोल्ट तीस वर्षांनंतरही लोक आनंदाने खेळतात आणि हीलिंग साल्व्ह फुकट दिलं तरी कोणी खिशात घालत नाही. आता ह्याच्यावरून एखाद्याला कळेल की एक माना, तीन अमुक ह्या हिशोबाने कार्डाचा जोर मोजता येत नाही. तुम्हाला कळू देऊ नका.

लाइफ वाढवणारं कार्ड दिसलं की आधी हसायचं, मग वाचायचं.

लँड असेल तर वाचायचंही नाही.

चौथा नियम (का पाचवा, असो), इतिहासापासून लांब राहा, कारण इतिहासात जाणकारांची फार अब्रू गेलेली आहे. १९९५ च्या आइस एज सेटमध्ये नेक्रोपोटन्स आलं. तुमचा ड्रॉच, म्हणजे दर टर्नला मिळणारं नवं कार्ड, बंद, वर लाइफ देऊन कार्डं घ्यायची, तीही टर्न संपताना. ह्यात काय आहे म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि १९९६ चा उन्हाळा असा गेला की आजही त्याला काळा उन्हाळा म्हणतात, जिकडे बघावं तिकडे नेक्रोचेच डेक. १९९६ मध्येच मिराजमध्ये लायन्स आय डायमंड आलं, फुकटात खेळायचं, पण तीन माना हवा असेल तर हातातली सगळी कार्डं टाकून द्यायची. गरिबाचं ब्लॅक लोटस (अल्फातलं, फुकटात तीन माना देणारं कार्ड) म्हणून चेष्टा झाली, कारण हातात काही उरलंच नाही तर तो माना घालायचा कुठे? मग ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून, कार्डं खेळायच्या युक्त्या आल्या, हात रिकामा करणं हाच फायदा झाला, आणि आज त्या एका कार्डाच्या पैशात बरा मोबाईल येतो. रिझर्व्ह्ड लिस्टवर आहे, परत छापणारही नाहीत. तेव्हा ज्यांनी ते शाळेतल्या दोस्ताला असंच देऊन टाकलं असेल ते आज काय म्हणत असतील ह्याचा विचार करू नका, रात्री झोप लागणार नाही.

डार्क डेप्थ्सचं तर विचारूच नका. २००६ चं कोल्डस्नॅप, एक लँड, जी माना देत नाही! तिच्यावर बर्फाचे दहा काउंटर (खुणेच्या सोंगट्या), एकेक काढायला तीन माना, म्हणजे सगळे मिळून तीस माना घातलेत की २०/२० चं एक अक्राळविक्राळ उडणारं भूत बाहेर येणार. तीस माना घालेपर्यंत समोरचा तुम्हाला हरवून, सामान आवरून रिक्षात बसलेला असतो. मग २००९ च्या झेंडिकारमध्ये व्हँपायर हेक्समेज आली, दोन मानाची, स्वतःचा बळी देऊन कशावरचेही सगळे काउंटर काढणारी. झालं. २०११ मध्ये मॉडर्न फॉरमॅट, म्हणजे कोणती कार्डं चालतील ह्याच्या नियमांचा एक प्रकार, सुरू झाला तेव्हा डार्क डेप्थ्स पहिल्या दिवसापासून बॅन. कार्डावरचं एक अक्षरही बदललं नव्हतं, शेजार बदलला होता. पण शेजार वगैरे बघायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे तीन सेकंद आहेत.

पुढचा नियम आकडेवारीचा. १७लँड्स ह्या ड्राफ्टची आकडेवारी ठेवणाऱ्या साइटवर जायचं, कार्ड हातात आल्यावर जिंकण्याची टक्केवारी बघायची आणि सरासरीपेक्षा कमी असली की फुली. ते कार्ड कुठल्याही डेकात भरती म्हणून कोंबणाऱ्यांनी सरासरी खाली ओढली का, एका ठरावीक डेकात तेच भारी चालतं का, असले प्रश्न विचारणारे लोक ड्राफ्टमध्ये नवव्या पिकला ती कार्डं गोळा करतात आणि जिंकतात. आपण त्यातले नाही. आमच्या क्यूबची तर आकडेवारीच नव्हती, एकही गेम झाला नव्हता, तरी फुल्या पडल्या, तेव्हा हा नियम तसा ऐच्छिक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. दुबळं कार्ड दिसलं की म्हणायचं, "बफ करा", म्हणजे जोर वाढवा. वाटाड्या दोन मानाला आणा. पहारेकऱ्याला आणखी एक टफनेस द्या. मगर सहा मानाची आहे, पाचला करा, आणि आल्या आल्या हल्ला पण करू द्या. सगळीच कार्डं भारी असली तर कोणाला वाईट नको? किती छान विचार आहे. आमच्या ग्रुपवर मतदान झालं, मी एकटा नको म्हणत होतो, बाकीच्यांना जाणकाराचा शब्द मोडवेना आणि बफ झाले. काय झालं मग? पहिल्या ड्राफ्टला एकही सहा मानाचं कार्ड कोणी टाकू शकलं नाही, कारण पाचव्या टर्नला गेम संपत होता. मग जाणकार म्हणाले मोठी कार्डं दुबळी पडताहेत, ती बफ करा. मग मोठी कार्डं मारायला रिमूव्हल कमी पडतंय, ते स्वस्त करा. मग रिमूव्हल इतकं स्वस्त आहे की क्रीचर खेळण्यात अर्थच नाही, म्हणून क्रीचर... अरे थांबा की! आठ जण बसतात, प्रत्येकाच्या हातात पंधरा पंधराची तीन पाकिटं, म्हणजे ३६० कार्डं टेबलावर येतात. प्रत्येकाचा डेक चाळीसचा, त्यात सतरा लँड, उरली तेवीस. आठ गुणिले तेवीस, १८४. म्हणजे १७६ कार्डं बाहेर बसणारच आहेत, तुम्ही कितीही बफ करा, उद्या प्रत्येक कार्डावर ब्लॅक लोटस छापा, तरी १७६ कार्डं बाहेरच बसणार आणि ती तुमच्या यादीत कचराच ठरणार. सगळीच कार्डं पहिल्या पिकच्या लायकीची असली तर पिक करायचं काय उरलं? डोळे मिटून पाकीट पुढे सरकवा आणि घरी जा.

आणि बफची उलटी गंमत ऐका. २००४ च्या डार्कस्टीलमध्ये स्कलक्लँप नावाचं इक्विपमेंट होतं. ते लावलं की क्रीचरला +१/-१, आणि ते क्रीचर मेलं की दोन कार्डं. तो उणे एक बनवता बनवता उशिरा आला, आधी तिथे अधिक होतं. आपल्या जाणकाराने काय लिहिलं असतं? "मायनस? कचरा." तर त्या उणे एकामुळेच १/१ चं चिल्लर क्रीचर क्लँप लावल्या क्षणी मरायचं आणि एका मानात दोन कार्डं हातात यायची. त्याच वर्षी जूनमध्ये स्टँडर्ड ह्या नव्या सेटांच्या फॉरमॅटमधून बॅन झालं. बनवणाऱ्यांनाच वेळेवर दिसलं नाही, आणि तुम्हाला फोटो बघून दिसणार!

कंपनीची वकिली मी करत नाहीये हां. मॅजिकच्या डिझायनर मार्क रोझवॉटरने २००२ मध्येच लांबलचक लेख लिहून सांगितलं होतं की दुबळी कार्डं का छापतो. सगळी चांगली असूच शकत नाहीत, वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी आवडतात, शोधून काढण्यात मजा असते. पटतं. पण म्हणून २००३ च्या मिरॉडिनमधलं चिमनी इम्प, पाच मानाला १/२, उडतं आणि मेल्यावर समोरच्याला हातातलं एक कार्ड डेकवर ठेवायला लावतं, ह्याची बाजू मी घेऊ? नाही घेणार. तरी ते बिचारं कॉमन आहे, गल्लीतलं आहे, कोणी त्याच्यासाठी पाकीट फोडलेलं नाही. राग येतो तो रेअरच्या, म्हणजे पाकिटातल्या दुर्मिळ कार्डाच्या, जागी बसलेल्या दुबळ्या कार्डांचा. २००५ मध्ये वन विथ नथिंग नावाचं रेअर काढलं, एक काळा माना द्यायचा आणि स्वतःच्या हातातली सगळी कार्डं टाकून द्यायची, बास, एवढंच. पुढे प्रतिस्पर्ध्याचा हात कार्डांनी भरून त्याबद्दल त्यालाच मारणारा एक डेक आला, त्याच्यावर उतारा म्हणून काही जणांनी हे साइडबोर्डमध्ये, म्हणजे दोन गेमांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांत, ठेवलंही, ती गोष्ट मला मनापासून आवडते. पण पाकीट फोडल्यावर तेच हातात आलं त्याला ती गोष्ट सांगून काय उपयोग? माझं म्हणणं साधं आहे, दुबळं कार्ड साधं असावं, कॉमन असावं, आणि नवख्याला त्याच्यावरून काहीतरी कळावं. दुबळं, किचकट आणि वर रेअर, ही लूट आहे. असं कोणी मांडलं तर मी टेबलावर बसून ऐकेन, भांडेन, कार्ड बदलेनसुद्धा. पण ह्यासाठी कार्ड वाचावं लागतं ना.

आता मार्गदर्शन पुरे.

त्या ड्राफ्टला आमच्या एका मित्राचा भाचा आला होता, दहावीतला, आयुष्यातला पहिला ड्राफ्ट. त्याने पहिल्याच पाकिटातून डोहातली मगर उचलली. सगळ्यांना आवडतं ते, इक्सलानचं कलॉसल ड्रेडमॉ म्हणजे तरी काय होतं, सहा मानाला ६/६ ट्रँपल (अडवलं तरी उरलेला मार समोरच्याला लागतो), साधं कॉमन, लोकांनी डोक्यावर घेतलं. पोरगं खूश होऊन बाजूच्याला चित्र दाखवत होतं. आणि तू, होय तूच, फुल्या मारणाऱ्या जाणकारा, समोरून मान वाकडी करून म्हणालास, "हे फर्स्ट पिक? सिरियसली?" त्याने कार्ड ठेवलं खाली आणि तू बोट दाखवलंस ते उचललं. पुढचा सगळा वेळ प्रत्येक पिकला तुझ्या तोंडाकडे बघत होता, स्वतःचं एकही कार्ड त्याने घेतलं नाही, आणि तुझ्या सल्ल्याच्या डेकने सगळे गेम हरला. तेव्हा डेकमधल्या स्वस्त-महाग कार्डांच्या हिशोबाकडे, म्हणजे कर्व्हकडे, बोट दाखवून तू काय म्हणालास? "कर्व्ह चुकला तुझा." अरे निर्लज्जा, कर्व्ह तुझा होता!

तुला कार्डांतलं कळतं हे मान्य, प्रो टूर ह्या व्यावसायिक स्पर्धांमधले डेक पाठ आहेत तुझे, असू देत. पण कागदावरची कार्डं बघून निकाल द्यायचा, ती खेळायची नाहीत, खेळणाऱ्यालाही खेळू द्यायचं नाही, आणि हरला की परत त्याचीच चूक काढायची, ह्याला जाणकारी म्हणत नाहीत. ३६० कार्डांवर निकाल दिलास, त्यातली किती हातात धरलीस सांग. त्या पोराला एक दुपार मगर टाकू दिली असतीस, हरलं असतं तर स्वतःच्या मगरीने हरलं असतं, तुझ्या काय बापाचं जात होतं रे?